जुनी मोटार राज्य बदलते तेव्हा: नोंदणी आणि विम्याची सगळी वाट

उदाहरणासाठी एक गाडी समोर ठेवू. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० डिलाइट, १९६६ साली बंगळूरला नोंदलेली. मैसूर राज्याच्या काळातला ‘एम वाय’ने सुरू होणारा नंबर, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. आरसी बुक आजोबांच्या नावावर आहे आणि गाडी आता नातवाबरोबर कायमची पुण्याला यायची आहे. तुमची गाडी हेराल्ड असेल, लँडमास्टर असेल किंवा कोलकात्याहून येणारी मॉरिस मायनर असेल, टप्पे तेच राहतात.

बहुतेक जण आधी गाडी ट्रेलरवर चढवतात आणि ‘कागदांचं तिकडे गेल्यावर बघू’ म्हणतात. गाडा अडतो तो तिथेच. या कामातला निम्म्याहून अधिक भाग जुन्या राज्यातल्या आरटीओतच होतो. पुण्यात बसून बंगळूरची नोंद दुरुस्त करता येत नाही. गाडी हलवण्याआधी निदान तीन महिने हाताशी ठेवा.

साधी नोंदणी की विंटेज?

पन्नास वर्षांवरच्या गाडीपुढे दोन रस्ते असतात. कोणता धरायचा ते आधी पक्कं करा, कारण फॉर्म, फी आणि विमा सगळं त्यावरच ठरतं.

पहिला रस्ता मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ चा. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ राहणार असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. आपल्या फियाटचा ‘एम वाय’ नंबर जाऊन तिथे ‘एमएच १२’ येईल. गाडी मात्र इतर कुठल्याही खासगी गाडीसारखी रोज चालवता येईल.

दुसरा रस्ता विंटेज नोंदणीचा. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेनं केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१-ए पासून पुढचे नियम आले आणि जुन्या गाड्यांना देशभर एकसारखी व्यवस्था मिळाली. दुचाकी आणि खासगी चारचाकी दोन्ही त्यात बसतात. नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या विंटेज गाडीला राज्याचा कोड, मग ‘व्हीए’, दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ मधला आकडा असा नंबर मिळतो. भारतात आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. जुनी गाडी जपणाऱ्याला त्या जुन्या अक्षरांचं मोल सांगायला नको, आणि एवढ्या एका कारणासाठी हा रस्ता धरणारे पुष्कळ आहेत.

पैशांचा हिशेबही बदलला आहे. विंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. त्यानंतर दर ५ वर्षांना ५,००० रुपये. साध्या रस्त्यावर ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण ५ वर्षांसाठी १०,००० रुपयांना पडतं, आयात केलेल्या चारचाकीचं ८०,००० रुपयांना. म्हणजे देशी गाडीला पहिली दहा वर्षं दोन्ही रस्ते सारख्याच खर्चाचे आणि पुढे विंटेज निम्म्यात. परदेशी बनावटीच्या गाडीला तर दहा वर्षांत २०,००० विरुद्ध १,६०,००० इतका फरक पडतो.

मात्र विंटेज नोंदणीत वापरावर बंधन आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तिथे जाणं-येणं, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. रोजची ये-जा नाही, आणि भाडं घेऊन लग्नाला किंवा शूटिंगला पाठवणं तर मुळीच नाही. दर रविवारी सकाळी गाडी काढून नाश्त्याला जायची सवय असेल तर आमचं स्पष्ट मत असं की साधी नोंदणी घ्या. बंधन मोडून चालवलेल्या गाडीला अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न वापराचाच विचारते.

पात्रतेत दोन गोष्टी लोकांना चकवतात. पन्नास वर्षं मोजतात ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, कारखान्यातून बाहेर पडल्याच्या वर्षापासून नाही. १९७५ साली बनलेली पद्मिनी जुलै १९७६ मध्ये नोंदली असेल तर तिची पन्नाशी जुलै २०२६ मध्ये भरते. परदेशातून आलेल्या गाडीला परदेशातली पहिली नोंदणी धरतात, म्हणून तिथला कागद सांभाळलेला हवा.

दुसरी गोष्ट ‘मूळ स्वरूप’. नियमाचा रोख चॅसी (गाडीचा सांगाडा), बॉडी शेल (वरचा पत्र्याचा साचा) आणि इंजिन या तिघांवर आहे. त्यांत मोठा बदल झालेला नसावा. नवा रंग, नवी सीट कव्हरं, नवं वायरिंग यांनी गाडी बाद होत नाही. पण आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी अॅम्बॅसिडर आणि फियाट गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली. अशा गाडीला विंटेजचं दार बंद आहे. मूळ जातीचं इंजिन मिळवून बसवायचं आणि आरसीवर त्या बदलाची रीतसर नोंद करून घ्यायची, हाच उपाय. इंजिन त्याच जातीचं आहे पण ब्लॉक बदललेला आहे, अशी गाडी असेल तर जुनं बिल आणि आरसीवरची नोंद दोन्ही हवीत. नाहीतर प्रत्यक्षातला इंजिन नंबर आणि कागदावरचा नंबर जुळणार नाहीत, आणि तपासणी तिथेच थांबेल.

जुन्या राज्यातली कामं

आपली फियाट नोंदली गेली तेव्हाची आरटीओ कार्यालयं आणि आजची यांत मोठी तफावत आहे. जुन्या हद्दींची वाटणी झाली, रजिस्टरं एकीकडून दुसरीकडे गेली. म्हणून आपल्या नंबराचं मूळ रजिस्टर आज कुठल्या कार्यालयात आहे, हे सर्वांत आधी शोधा. कर्नाटकात गाडीच्या नोंदीच्या उताऱ्याला ‘बी एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. तो मिळवा. त्यात आजवरचे मालक, पत्ते, इंजिन बदल, बँकेचा बोजा आणि कर भरल्याची नोंद एकत्र दिसते. आरसी बुकाची पानं फाटली असतील तर हा उतारा सोन्यासारखा आहे.

पुढची पायरी ऑनलाइन नोंदीची. सगळी कामं आता परिवहनच्या वाहन पोर्टलवरून होतात आणि पोर्टलला जुन्या रजिस्टरमधली गाडी दिसत नाही. नंबर टाकल्यावर ‘नोंद सापडली नाही’ असं आलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरमधली नोंद पोर्टलवर भरणं, व्हायची राहिली आहे. ती मूळ आरटीओनंच करायची असते. तुम्ही मूळ आरसी, उतारा, कराच्या पावत्या आणि आधार घेऊन जायचं. नोंद भरली जात असताना शेजारी थांबा आणि पडद्यावरचं वाचा. पहिल्या नोंदणीची तारीख, बनावटीचं वर्ष, इंजिनाची घनक्षमता (सीसी), आसनसंख्या, इंधन आणि चॅसी नंबर हे सहा रकाने तपासा. जुन्या आरसीवर घनक्षमतेऐवजी अश्वशक्ती लिहिलेली असते. मग घनक्षमतेचा रकाना रिकामा जातो आणि पुढे विमा कंपनीच्या संगणकावर प्रीमियमच निघत नाही. आपल्या फियाटची घनक्षमता १०८९. ती भरून घ्या. त्याच बैठकीत तुमचा चालू मोबाइल नंबर जोडून घ्या, पुढचे सगळे ओटीपी त्याच्यावर येणार आहेत.

आता नाव. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर फॉर्म ३१. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं. हे काम जुन्या राज्यातच उरका. एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचा ना-हरकत दाखला) घेऊन नव्या राज्यात वारसनोंद करायला गेलात तर दोन कार्यालयांत एकाच वेळी शंका निघतात. गाडी विकत घेतली असेल तर फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. फॉर्मवरची विक्रेत्याची सही जुन्या सहीशी जुळेल याची खबरदारी घ्या. मधल्या मालकानं नाव लावलंच नसेल, म्हणजे आरसी पहिल्याच्या नावावर आणि विक्री करतोय तिसराच, तर पैसे देण्याआधी ही साखळी पूर्ण करायला लावा. नंतर त्या माणसाला शोधून आणणं दमवणारं असतं.

बोजा हा तिसरा अडथळा. १९६६ ला घेतलेलं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. बँकच उरली नसेल तर तिचा वारस शोधायचा. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० पासून कॅनरा बँकेत विलीन झाली, विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात. त्या शाखेत आरसीची प्रत देऊन ‘या गाडीवर आमची काही बाकी नाही’ असं पत्र मागा. पन्नास वर्षांपूर्वीचं खातं सापडत नाही, तेव्हा पत्राला वेळ लागतो. हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

नोंदणीची मुदत संपली असेल तर फॉर्म २५ नं नूतनीकरण करावं लागतं. उशिरासाठी चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा आकार आहे. मुदत संपलेली गाडी चालवत तपासणीला नेऊ नका, ट्रेलरवर न्या. थकलेला कर, जुनी चलनं, सगळं मिटवा. त्याशिवाय एनओसी मिळणार नाही.

शेवटी एनओसी, म्हणजे फॉर्म २८. त्यावर चॅसी नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) लागते आणि कुठल्या आरटीओकडे गाडी जाणार ते लिहावं लागतं. इथे ‘पुणे’ की ‘पिंपरी-चिंचवड’ ही चूक महागात पडते. तुमच्या नव्या पत्त्याची हद्द कुणाची ते आधी पाहून लिहा. कायद्याप्रमाणे आरटीओ चोरीची नोंद नाही याचा पोलिस अहवाल मागवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवरून तसा शोध तुम्हीही घेऊ शकता, छापील प्रत जोडली की काम सुकर होतं. कलम ४८ सांगतं की अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत होकार किंवा नकार लेखी कळवायचा, नाहीतर एनओसी दिली असं मानलं जातं. या तरतुदीचा खरा उपयोग एवढाच की अर्जाची तारीखवार पोच हातात असली तर विचारपूस करताना बळ येतं. प्रत्यक्ष कागद आणि पोर्टलवरची नोंद दोन्ही झाल्याशिवाय नवं कार्यालय पुढे सरकत नाही.

पेन्सिल प्रिंट नीट कशी घ्यायची

ऐकायला क्षुल्लक, पण सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते यापायी. फियाट ११०० ला वेगळी चॅसी नाही, बॉडीच चॅसीचं काम करते. त्यामुळे नंबर बॉडीच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. जवळच रिव्हेटनं बसवलेली धातूची पट्टी दिसते. तिच्यावरचा नंबर पुरेसा नाही, कारण पट्टी काढून दुसऱ्या गाडीवर बसवता येते. आरटीओला पत्र्यात ठोकलेला नंबर हवा.

साठ वर्षांत त्यावर रंगाचे चार-पाच थर चढलेले असतात. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं आधी तेल आणि धूळ काढा. मग कापसाच्या बोळ्यावर रंग काढायचं जेल घेऊन फक्त अक्षरांवर लावा, दहा मिनिटांनी लाकडी काडीनं खरवडा. पुन्हा लावा. घाई करून पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. अक्षरांच्या कडा झिजल्या की तपासणाऱ्याला नंबर खोडल्याचा संशय येतो, आणि तो दूर करणं फार कठीण. पत्रा कोरडा झाल्यावर पांढरा पातळ कागद ठेवून कडा चिकटपट्टीनं घट्ट बसवा. ४बी किंवा ६बी पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेनं हलक्या हातानं घासा. प्रिंट सुबक आली की लगेच आणखी सात-आठ घ्या. फॉर्म २८ च्या प्रत्येक प्रतीवर एक, फॉर्म २० वर एक, विमा कंपनीला एक, उरलेल्या फाइलीत. काम झाल्यावर उघड्या पत्र्यावर वार्निशचा पातळ हात द्या, नाहीतर पुण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात गंज धरेल.

आता प्रिंट आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांची अदलाबदल नेहमीची. सुरुवातीची मॉडेल दाखवणारी अक्षरं जुन्या कारकुनानं गाळलेलीही आढळतात. असा फरक दिसला तर एनओसीआधीच दुरुस्तीचा अर्ज द्या. नंबर अजिबात वाचता येत नसेल तर स्वतः ठोकून घेणं हा गुन्हा ठरू शकतो. आरटीओची लेखी परवानगी घेऊनच तो पुन्हा पंच करायचा.

गाडी आणताना

बंद कॅरिअर परवडला तर उत्तम. पट्टे चाकांवरून घ्यायला सांगा. क्रोम बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना साखळी बांधू देऊ नका. टाकीत थोडंच पेट्रोल, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. चढवण्यापूर्वी चारी बाजू, डॅशबोर्ड आणि खालची बाजू यांचे फोटो काढा. खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत रस्ता, रेल्वे, जलमार्ग यांनी नेताना होणारं नुकसान धरलेलं असतं. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत ते नसतं. म्हणून पॉलिसी आधी, प्रवास मग.

पुण्यात आल्यावर

साधा रस्ता धरला असेल तर फॉर्म २७ नव्या नंबरासाठी, फॉर्म ३३ पत्ता बदलासाठी, सोबत एनओसी, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याच्या घरात असाल तर नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार चालतो. पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत कळवायचं असतं. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी गाड्यांना पर्यावरण कर आहे, तो आणि मोटार वाहन कर यांची आकारणी काउंटरवर लेखी मागा. बीजक नसलेल्या जुन्या गाडीची किंमत कशी धरली, ते त्या कागदावर दिसलं पाहिजे. निरीक्षक गाडी पाहून चॅसी आणि इंजिन नंबर ताडतो आणि मग नंबर मिळतो.

विंटेज रस्त्यावर अर्ज फॉर्म २० वर, परिवहन पोर्टलवरूनच. सोबत विमा पॉलिसी, फी, जुनी आरसी आणि आयात केलेल्या गाडीला कस्टमचं बिल ऑफ एंट्री. राज्यानं नेमलेला नोडल अधिकारी अर्ज हाताळतो आणि राज्याची विंटेज समिती गाडी पाहते. कागद पूर्ण असतील तर ६० दिवसांत फॉर्म २३-ए मधली आरसी द्यायची आहे. मूळ नंबर ठेवायचा आहे हे अर्जासोबतच्या पत्रात स्वच्छ लिहा आणि त्या पत्राची पोच घ्या. न लिहिल्यामुळे ‘व्हीए’ मालिकेतला नंबर निघाला तर मागे फिरणं जिकिरीचं होतं.

समितीसमोर गाडी नेताना चकचकाटापेक्षा पुरावा कामाला येतो. मूळ मालकपुस्तिका, कारखान्याचं बीजक, १९७०-८० मधले घरगुती फोटो, दुरुस्तीची बिलं असा एक गठ्ठा तयार करा. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला असेल, कार्ब्युरेटर बदलला असेल तर तसं सांगा आणि मूळ भाग डिकीत घेऊन जा. आमच्या मते थोडा पोचा आलेला मूळ मडगार्ड फायबरच्या नव्याकोऱ्या मडगार्डपेक्षा कधीही चांगला. तो पत्राच गाडीचं वय सांगतो.

पीयूसीत जुनी गाडी बहुधा कार्बन मोनॉक्साइडवर अडकते. भारत स्टेज दोन या प्रदूषण मापदंडाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. थंड इंजिन नेलं की चोक अर्धवट ओढलेला असतो आणि आकडा उसळतो. आधी वीस मिनिटं गाडी चालवा, चोक पूर्ण आत आहे का पाहा, एअर फिल्टर साफ करा, प्लग आणि पॉइंटची गॅप बघा, मगच आयडलचं मिक्श्चर हळूहळू पातळ करत आणा. हायड्रोकार्बन जास्त येत असेल तर एखादा प्लग नीट जळत नाही किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. स्क्रू फिरवून ते सुटणार नाही.

विमा: खरी मेहनत इथे

थर्ड पार्टी विमा कलम १४६ नं सक्तीचा आहे. त्याशिवाय पकडलं गेलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. जून २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० घनक्षमतेच्या मोटारीचा वर्षाचा थर्ड पार्टी प्रीमियम ३,४१६ रुपये. त्याच नियमांत विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला ५० टक्के सवलत आहे. म्हणजे आपल्या फियाटला १,७०८ अधिक जीएसटी. १५०० च्या वरच्या गाडीला ७,८९७ चे निम्मे. ही सवलत आरसीवर विंटेज लागल्यावरच मिळते, आणि विंटेजच्या अर्जाला पॉलिसी आधी लागते. त्यामुळे पहिलं वर्ष पूर्ण दरानं भरा, आरसी हातात आली की पुढच्या नूतनीकरणाला सवलत मागा. पॉलिसी जुन्या नंबरावर आणि चॅसी नंबरावर काढा.

ऑनलाइन प्रयत्न करून वेळ घालवू नका. यादीत फियाट ११०० चं नाव नसतं, आणि असलंच तर एवढं जुनं वर्ष निवडता येत नाही. सरकारी चार कंपन्यांपैकी एखादीच्या शाखेत जा आणि प्रस्ताव अंडररायटरकडे, म्हणजे जोखीम पाहून विमा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवायला सांगा.

आता किंमत. नव्या गाडीची विमा किंमत वयानुसार ठरीव टक्क्यांनी घटत जाते, पण पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते. इथे सौदा करण्याची जागा आहे आणि पुराव्याशिवाय सौदा होत नाही. परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घ्या. त्यात फोटो, रिस्टोरेशनची बिलं आणि तशाच गाड्यांच्या अलीकडच्या विक्रीच्या किमती जोडा. शाखेतून ‘पन्नास हजार लावू या, प्रीमियम कमी बसेल’ असं सुचवलं गेलं तर नको म्हणा. दुरुस्तीचा खर्च विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरतात. पन्नास हजारांच्या गाडीला समोरून एक धक्का बसला, पत्रा आणि रंगकामाचं बिल चाळीस हजार झालं, की धडधाकट गाडी भंगारात मोजली गेली.

पॉलिसीवर कोणती एंडोर्समेंट, म्हणजे जोडलेली पुरवणी कलमं, आहेत ते वाचा. त्यांचे ‘आयएमटी’ क्रमांक भारतीय मोटार टॅरिफ या विम्याच्या नियमावलीतले आहेत. आयएमटी २ म्हणजे ठरलेल्या किमतीचं कलम, ते विंटेज गाड्यांसाठीच आहे. टोटल लॉस झाला तर घसारा न कापता ठरलेली रक्कम मिळते. आयएमटी ९ विंटेज सवलतीचं. इथे ‘विंटेज’ शब्दाचा अर्थ वेगळा आहे, याची नोंद घ्या. मोटार टॅरिफच्या भाषेत ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं प्रमाणित केलेली गाडी म्हणजेच विंटेज. आरटीओच्या लेखी विंटेज असलेली १९६६ ची फियाट या व्याख्येत बसत नाही. तरीही ठरलेली किंमत लेखी मागा आणि अंडररायटरचं उत्तर जपून ठेवा.

रॅलीला जाणार असाल तर आयएमटी ३१ पाहा. साध्या पॉलिसीत शर्यत आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची कसोटी घेणारी स्पर्धा) वगळलेली असते. रॅली म्हणजे नुसती मिरवणूक आहे की वेळेवर गुण देणारी स्पर्धा, हे आयोजकांच्या पत्रकात पाहून कंपनीला आधी कळवा. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या मान्य संस्थेचं सभासदत्व असेल तर आयएमटी ८ ची छोटी सूट मिळते. गाडी रिस्टोरेशनला महिनोन्‌महिने गॅरेजात उभी राहणार असेल तर आयएमटी २६, फक्त आग आणि चोरीचं संरक्षण, स्वस्तात मिळतं.

अर्धवट नुकसानीच्या दाव्यात मात्र घसारा बोचतो. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवरही ५०. काचेवर शून्य. इथे निदान काच तरी पूर्ण भरून मिळते, आणि वक्र विंडशील्ड मिळवायला किती पैसे पडतात हे मालकांना ठाऊक आहे. भागांची बिलं जुन्या बाजारातली असतात, तेव्हा विक्रेत्याकडून जीएसटी नंबर असलेलं बिलच घ्या. साध्या चिठ्ठीवर दावा मंजूर होत नाही.

आधीची पॉलिसी संपून खंड पडला असेल तर कंपनी गाडी पाहिल्याशिवाय स्वतःच्या नुकसानीचा विमा देत नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त खंड गेला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) जातो. नाव बदललं असेल तर १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणीची मुदत. तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीचा चोरीचा दावा सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये फेटाळला. प्रीमियम भरलेला होता, पॉलिसी चालू होती, तरीही. जुन्या गाडीची पाच वर्षांची मुदत सहज विसरली जाते, म्हणून तिची तारीख पॉलिसीच्या फाइलीवरच ठळक लिहून ठेवा.

नवी आरसी आली की त्याच आठवड्यात विमा कंपनीकडून नव्या नंबराचं आणि पत्त्याचं एंडोर्समेंट करून घ्या. पुणे, मुंबई आणि बंगळूर तिन्ही विम्याच्या ए झोनमध्ये आहेत, त्यामुळे आपल्या फियाटच्या प्रीमियमला झोनचा फरक पडणार नाही. बेळगावहून पुण्याला आलेल्या गाडीला थोडा पडेल. पोर्टलवर, आरसीवर आणि पॉलिसीवर चॅसी नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत एकच आहे ना, ते पुन्हा एकदा पाहा.

उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवायची वेळ आली तर बसवणाऱ्याला बंपरला भोक पाडू देऊ नका. तिचं स्नॅप-लॉक एकदा बसलं की मोडल्याशिवाय निघत नाही. जुन्या पाटीच्याच भोकांत नटबोल्टनं बसेल अशी दोन मिलिमीटर जाडीची स्टीलची पट्टी आधी करून घ्या, तिला काळा रंग द्या आणि लॉक त्या पट्टीत बसवायला सांगा. मागच्या पाटीवर नंबर दिव्याचा प्रकाश पडतो का, ते त्याच संध्याकाळी अंधारात पाहा. काळी मूळ पाटी कपड्यात गुंडाळून आरसी बुकाच्या फाइलीसोबत ठेवा.